पद्मिनीला मोठा कार्बोरेटर लावण्याआधी घाटात एक गेज लावा

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न मला असा समजला. वडिलांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाचोऱ्याला वापरता. सपाटीला गाडी बरी चालते, पण चाळीसगाव सोडून कन्नड घाट लागला की दम टाकते. तिसरा धरत नाही, दुसऱ्यावर आणावी लागते. ॲव्हरेज दहा-अकरा. एप्रिल-मे महिन्यात गरम झाल्यावर उभी केली की लवकर स्टार्ट होत नाही. एक मेकॅनिक म्हणतो मारुती ८०० चा कार्बोरेटर बसवा, दुसरा म्हणतो वेबर कंपनीचा डबल बॅरल, म्हणजे दोन घशांचा, लावा, गाडी उडेल. यातला कोणता घ्यावा, हे तुम्ही विचारलंय.

मी जळगावला पस्तीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात फियाट आणि अँबॅसेडरवरच झाली. त्यामुळे उत्तर लांब होईल. "हा घ्या" असं एका ओळीत सांगितलं तर तुमचे पैसे जातील आणि घाट तसाच राहील.

तुम्ही कार्बोरेटर कोणता हे विचारताय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. घाटात कमी पडतंय ते काय, हे अजून कोणी तपासलेलंच नाही. कार्बोरेटर ताकद तयार करत नाही. इंजिन जितकी हवा ओढतं त्या हवेत पेट्रोल मोजून मिसळणं, एवढंच त्याचं काम. इंजिनाला हवी तेवढी हवा आत्ताच्या कार्बोरेटरमधून जात असेल, तर त्याच्या जागी परात ठेवली तरी इंजिन जास्त ओढणार नाही.

आता हिशेब करू. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ५००० आरपीएमला मिनिटाला साधारण २७०० लिटर हवा लागेल, पण सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही. ८० टक्के धरा, म्हणजे २२०० लिटरच्या आसपास. तुमच्या कार्बोरेटरच्या घशात जी आवळलेली नळी असते, जिला आपण व्हेंचुरी किंवा चोक ट्यूब म्हणतो, तिच्यावर तिचं माप कोरलेलं असतं. समजा ते २४ मिलिमीटर आहे. त्या भोकातून एवढी हवा जायची तर तिचा वेग सेकंदाला ८० मीटर होतो. हा वेग चांगलाच आहे, इंजिनाला थोडं आवळल्यासारखं होत असेल तर इथेच होईल.

पण घाटात तुम्ही ५००० ला असता का? नसता. गाडी दम टाकते तेव्हा इंजिन २५०० च्या आसपास असतं. तिथे हवा निम्मी, म्हणून वेगही निम्मा, ४० मीटर. आणि घशातला अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो-घटतो, म्हणजे २५०० ला तो ५००० च्या एक-चतुर्थांशच उरतो. ज्या ठिकाणी तुमची गाडी मरते तिथे कार्बोरेटरचा घसा तिला आवळतच नाहीये. तिथे मोठा घसा लावून काय मिळणार?

मिळत काही नाही, उलट जातं. २४ च्या जागी २८ चा घसा लावला तर २५०० ला हवेचा वेग ४० वरून २९ मीटरवर येतो. पेट्रोल जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, वर खेचलं जातं ते या वेगामुळे तयार होणाऱ्या ओढीने, आणि ती ओढ निम्म्यावर येते. मेन जेट उशिरा बोलायला लागतो, पेट्रोलचे थेंब मोठे पडतात, पेडल दाबलं की आधी एक खड्डा लागतो आणि मग गाडी उचलते. घाटात नेमका हाच खड्डा नको असतो.

हे मी अनुभवाने शिकलोय. नव्वदच्या दशकात रावेरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने पद्मिनीला मोठा डबल बॅरल लावून मागितला. मीही तरुण होतो, उत्साहाने लावला. मोकळ्या रस्त्यावर गाडी खरंच पळाली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत. बाजारात, गुरांच्या मागे, फाटकाजवळ, जिथे गाडी हळू चालवायची तिथे ती झटके देत होती, आणि ॲव्हरेज दोन किलोमीटरने खाली आलं होतं. मी जेट बदलून बदलून थकलो. शेवटी त्यांचा जुनाच कार्बोरेटर खोलला, थ्रॉटलची झडप ज्या दांडीवर फिरते त्या शाफ्टला बुश घातले, ठिणगीचं टाइमिंग नीट बांधलं आणि तोच परत लावला. ते म्हणाले, "हे आधी का नाही केलं?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की काहीही विकत घेण्याआधी एक व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारा काटा, मिळवा. कार्बोरेटरच्या खाली १० ते १२ मिलिमीटर जाडीचा हायलमचा, म्हणजे उष्णता न जाऊ देणाऱ्या कडक फायबरचा, स्पेसर घाला, त्याला आडवं भोक पाडून पितळी निपल बसवा आणि तिथून रबरी नळी काढून गेज केबिनमध्ये आणा. हा स्पेसर पुढेही उपयोगी पडणार आहे, ते सांगतोच. शेजारी कोणाला तरी बसवा, गेज त्याच्या हातात द्या. तुमची नजर रस्त्यावरच हवी, स्टिअरिंगवरचा गिअर सांभाळायचाय आणि कन्नड घाटाची वळणं तुम्हाला माहीत आहेत.

चढावर पेडल तळापर्यंत दाबून, गाडी जितक्या जोरात नेहमी चढवता तितक्या वेगाला काटा काय दाखवतो ते बघायचं. पूर्ण उघड्या थ्रॉटलला काटा शून्याजवळ, १ इंच पाऱ्याच्या आत असेल, तर कार्बोरेटर इंजिनाला पुरेशी हवा देतोय आणि दोष दुसरीकडे आहे. २ इंचांच्या वर राहत असेल तर घसा खरंच कमी पडतोय. मधे असेल तर अजून एकदा मोजा. हेच माप सपाटीला तिसऱ्यावर जोरात खेचून ४०००-४५०० लाही घ्या, कारण घाटाचं आणि हायवेचं उत्तर वेगळं येऊ शकतं. मी आजवर ज्या मूळच्या, न छेडलेल्या पद्मिनी घाटात मोजल्या, त्यातल्या बहुतेकांचा काटा शून्यालाच टेकलेला होता.

मग ताकद जाते कुठे?

आधी कॉम्प्रेशन. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, इंजिन गरम असू द्या, आणि एकेक सिलिंडर मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, हे मी आधी बघतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालेल. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंग गेल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह बसत नाही. इथे दोष निघाला तर कार्बोरेटरचा विषय बाजूला ठेवा, हेड उतरवा. फुटक्या माठाला मोठा नळ लावून उपयोग नाही.

मग डेलको, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंट खड्डे पडलेले, कंडेन्सर दमलेला, आणि मुख्य म्हणजे आतली ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकलेली. वजनं अडकली की आयडलिंगला टाइमिंग बरोबर दिसतं, पण आरपीएम वाढल्यावर ठिणगी पुढे सरकत नाही. गाडी रेसला गुदमरते आणि सगळे दोष कार्बोरेटरला देतात. रोटर हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने चटकन परत यायला हवा. आला नाही तर खोलून साफ करून वंगण द्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी बदलताना कोणी गडबड केली नाही ना, तेही बघून घ्या. टॅपेट आणि एअर क्लीनर हे तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या आत्ताच्या कार्बोरेटरकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

मूळचा सोलेक्स कंपनीचा असेल तर तो सिंगल बॅरल, साधा आणि चिवट कार्बोरेटर आहे. पण त्याचा थ्रॉटल शाफ्ट वर्षानुवर्षं फिरून बॉडीतलं भोक खातो. बोटाने शाफ्ट वर-खाली हलवून बघा. कटकट हाताला लागली की समजा. मग इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलच्या कुपीने शाफ्टच्या टोकाशी एक थेंब सोडा. थेंब शाफ्टच्या कडेला क्षणभर चकाकतो आणि बारीक शिट्टी वाजवून आत ओढला जातो. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. थेंब पुसल्यासारखा दिसेनासा होतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कोणाला विचारावं लागत नाही. तिथून चोरून हवा जाते, आयडलिंग लागत नाही, मग मेकॅनिक स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो, मग ॲव्हरेज जातं. या कामाला पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नका. गरम सायलेन्सर खालीच असतो.

इलाज सोपा आहे. चांगल्या टर्नरकडे बॉडी नेऊन भोक सरळ रीम करायचं, गनमेटलचे बुश ठोकायचे, नवा शाफ्ट घालायचा. ड्रिलने हाताने भोक पाडून घेऊ नका, शाफ्ट तिरका बसतो आणि थ्रॉटलची झडप एका बाजूला घासते. बॉडी उतरवलीच आहे तर खालची फ्लँज सपाट काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळल्यामुळे तिचे कान वाकलेले असतात, काचेखालून उजेड दिसतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासली की सरळ होते. दोन पॅकिंग एकावर एक टाकून हा दोष झाकणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका.

अजून एक जागा, जी बहुतेक जण बघत नाहीत. या सोलेक्सला चोकची झडप नसते. बाजूला गोल तबकडी फिरवून थंडीत जास्तीचं पेट्रोल देणारा स्टार्टर असतो. तबकडी झिजली किंवा केबल ताणलेली राहिली की स्टार्टर पूर्ण बंद होत नाही. गाडी दिवसभर थोडी चोकवरच चालते. प्लग काळे, ॲव्हरेज दहा. तुमचा आकडा ऐकून मला पहिली शंका हीच आली.

आणि आता आजच्या पेट्रोलबद्दल, कारण तुमची गाडी जन्मली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. २०२३ पासून पंपांवर ई२० यायला लागलं, आणि आता सगळीकडे जवळपास तेच मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की १३.५ च्या आसपासच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचा जेट चाळीस वर्षांपूर्वी शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेला, तो तेवढंच सोडतो. परिणामी गाडी सगळीकडे थोडी लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालते. सपाटीला जाणवत नाही, पण पूर्ण लोडवर, घाटात, इंजिनाला थोडं रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, मिश्रण हवं असतं आणि ते मिळत नाही. खेच कमी होते, तापमान वाढतं.

जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर जातं, म्हणून ९ टक्के इंधन वाढवायला व्यास फक्त चार-साडेचार टक्के वाढवावा लागतो. १२५ चा जेट असेल तर १३० चा. पाच नंबरांचं काम. आयडल जेटलाही त्याच प्रमाणात एक पायरी वर न्या, नाहीतर पेडल टेकवतानाचा खड्डा तसाच राहील. तुमच्या कार्बोरेटरमध्ये आत्ता कोणता नंबर आहे ते काढून वाचा, कारण आधीच कोणीतरी बदललेला असू शकतो. किंवा तारेने टोचून मोठा केलेला असू शकतो, आणि तसा जेट फेकूनच द्यावा. तारेने भोकाची कड ओरखडते, मग नंबर काहीही असो, धार वाकडी पडते.

एवढं करून, म्हणजे कॉम्प्रेशन, डेलको, बुश, स्टार्टर, जेट, एवढं सगळं उरकून, गाडी परत घाटात न्या. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ गाड्यांचे मालक इथून पुढे नवीन कार्बोरेटरचा विषय काढत नाहीत. तिसऱ्यावर सगळा घाट निघेल असं मी म्हणत नाही. चाळीसेक हॉर्सपॉवरची गाडी आहे, पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर दुसरा लागणारच आणि त्यात काही वावगं नाही. पण दुसऱ्यावर ती रडत नाही, खेचते.

तरीही बदलायचाच असेल, किंवा जुन्या कार्बोरेटरची बॉडीच गेली असेल, तर माझं मत ऐका.

मारुती ८०० चा कार्बोरेटर पद्मिनीवर बसवतात, हे खरं आहे आणि आपल्याकडे बऱ्याच गाड्यांवर चालतोय. ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. ते ५५०० आरपीएमला जितकी हवा ओढतं, तितकी हवा पद्मिनी ४००० लाच ओढते. म्हणून ४००० पर्यंत हा कार्बोरेटर गोड चालतो. दोन बॅरल असतात, पहिला लहान असल्यामुळे हळू वेगात हवा जोरात जाते, पेट्रोल छान फुटतं, ॲव्हरेज सुधारतं. त्यापुढे तो आवळायला लागतो. गावात आणि पाचोरा-भडगाव-चाळीसगाव एवढंच चालवायचं असेल तर वाईट नाही. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे नेहमी जोरात जायचं असेल तर मी सुचवणार नाही. ९९३ सीसीच्या जुन्या झेनचा कार्बोरेटर मापाने पद्मिनीला जास्त जवळचा आहे. चांगल्या अवस्थेत मिळाला तर माझी पसंती त्याला.

वेबरचा ३२/३६, जो लोक सहसा सुचवतात, त्यात २६ आणि २७ चे दोन व्हेंचुरी असतात. पहिला एकटा उघडा असताना तो तुमच्या २४ पेक्षा थोडाच मोठा, म्हणून तो चालवता येतो. पण दुसरा उघडला की मिळून क्षेत्रफळ २४ च्या सव्वादोनपटीहून जास्त होतं, आणि तुमचं इंजिन मूळ कॅम, मूळ हेड असताना तेवढं ओढणार नाही. शिवाय डब्यात जे जेट येतात ते दुसऱ्याच इंजिनासाठी बांधलेले असतात. जेटचा संच, वेळ आणि एखादा धीराचा मेकॅनिक हाताशी असेल तर करा. ४० मिलिमीटरचे आडवे जुळे वेबर फोटोत देखणे दिसतात. घरच्या पद्मिनीवर ते नकोत.

जुना माल घेताना एकच बघा: शाफ्ट. तुमचा झिजलेला काढून दुसऱ्याचा झिजलेला बसवण्यात अर्थ नाही. भंगार बाजारात चकाचक धुतलेला कार्बोरेटर दाखवतात, आधी बोटाने शाफ्ट हलवा, मग भाव विचारा. माझे उस्ताद अहिराणीत म्हणायचे, "पयले दखी ले, मंग पाना उचल."

बसवण्याबद्दल थोडं बारकाईने लिहितो, कारण बहुतेक गाड्या बिघडतात त्या इथे.

दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर पद्मिनीच्या मॅनिफोल्डवर बसवणारी अडॅप्टर प्लेट ॲल्युमिनियमची, किमान १२ मिलिमीटर जाड, लेथवर दोन्ही बाजूंनी फेस मारलेली हवी. वरून दोन भोकं आणि खाली एकच गोल असेल तर आतून उतार काढून एकमेकांत मिसळायला हवीत. पायरी राहिली तर तिच्यावर पेट्रोल साचतं आणि दोन सिलिंडर रिच, दोन लीन चालतात. प्लेट मॅनिफोल्डवर धरणारे स्क्रू बुडत्या डोक्याचे घ्या आणि थ्रेडलॉक लावूनच बसवा. त्यातला एक सुटला तर थेट इंजिनात जातो. असा स्क्रू मी पिस्टनमधून उपटून काढलाय, चाळणीसारखा तो पिस्टन भोकाभोकांचा झाला होता. प्लेटच्या खाली हायलमचा स्पेसर ठेवा. तो उष्णता वर चढू देत नाही. सगळं बसवल्यावर बॉनेट बंद होतंय का, हे मातीचा गोळा एअर क्लीनरवर ठेवून बॉनेट हळूच दाबून तपासा. गोळा चेपला की कळतं किती जागा उरते.

लिंकेज जोडल्यावर एकाने आत बसून पेडल तळाला दाबायचं आणि दुसऱ्याने वरून घशात बघायचं. झडप सरळ उभी राहायला हवी. अर्धी उघडून थांबणारे कार्बोरेटर मी कितीतरी पाहिलेत, आणि मालक म्हणतो नवीन लावूनही फरक नाही. परतीची स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तर दुसरी झडप बंद करेल. पेडल अडकून राहिलेली गाडी घाट उतरताना काय करते याचा विचार करा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत.

काही कार्बोरेटरांवर पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असतो. त्याला इग्निशनवरून १२ व्होल्टची वायर दिली नाही तर आयडलिंग लागतच नाही. कार्बोरेटरला टाकीकडे जाणारी परतीची नळी असेल तर तीही जोडा, नुसती बूच मारून सोडू नका. परतीच्या नळीमुळे पेट्रोल सतत फिरत राहतं आणि उन्हाळ्यात थंड राहतं.

उन्हाळ्याचा हा मुद्दा आपल्या खानदेशात वेगळाच लिहायला लागतो. पेट्रोलमधले हलके अंश ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. भुसावळला किंवा जळगावला मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ ला जाते, मग गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली काय होत असेल? चालत्या गाडीत पंखा आणि ताजं पेट्रोल थंडावा देत असतं. बंद केली की कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून घशात ओघळतं, इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोलने भिजतं. तुमची "गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही" ही तक्रार मला तीच वाटते. अशा वेळी पेडल मारत बसू नका, प्रत्येक मारण्याला कार्बोरेटरमधला छोटा पंप अजून पेट्रोल टाकतो. पेडल पूर्ण दाबून तसंच धरा आणि स्टार्टर मारा, हवा जाऊन सुकलं की उचलतं. एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, ओलं फडकं ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे, पण गरम मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका. कायमचा इलाज म्हणजे हायलमचा स्पेसर, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून लांबून फिरवणं आणि फ्लोट लेव्हल बरोबर ठेवणं.

नळ्यांचं बोललो म्हणून सांगतो: इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे ओ-रिंगही. सगळ्या नळ्या ई२० ला चालणाऱ्या घ्या. एसएई जे३० आर९ असं छापलेली होज चालते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जस्ताच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरते. आणि केबिनमध्ये अग्निशामक सिलिंडर ठेवाच. पेट्रोलच्या नळीला हात लावलेल्या प्रत्येक गाडीला मी हे सांगतो.

शेवटचं ट्यूनिंग कानाने करा, पण त्यावर शिक्का पीयूसीच्या मशीनचा घ्या. ओळखीच्या पीयूसीवाल्याकडे गाडी गरम करून न्या आणि आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइड बघत मिक्स्चर स्क्रू फिरवा. तुमच्या वयाच्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. मी दीड ते दोनच्या मधे ठेवतो, तिथे इंजिन शांत चालतं. पूर्ण लोडचं मिश्रण मात्र मशीनवर दिसत नाही. त्यासाठी चढावर जोरात खेचत असतानाच क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, पहिलं वळण येण्याआधी बाजूला थांबायचं आणि प्लग काढून बघायचे. रस्ता मोकळा असेल तरच हे करा, घाटाच्या वळणांत अजिबात नाही. ई२० वर प्लग पूर्वीपेक्षा फिके दिसतात, फिक्या बिस्किटाचा रंग असेल तर ठीक. अगदी पांढरे आणि टोकाशी चमकदार कण दिसले तर लीन आहे, जेट अजून एक पायरी वर न्या.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या काही गोष्टींवर माझं उत्तर अवलंबून आहे. इंजिन कधी बोअर केलं, हेड कधी उतरलं, एलपीजीचा किट कधी लागला होता का, आणि गाडीवर आत्ता मूळचा सोलेक्स आहे की कोणीतरी आधीच दुसरा लावलाय. एलपीजीवर चाललेली गाडी असेल तर व्हॉल्व्हच्या सीट आधी बघायच्या.

तर आत्ता खर्च करू नका. हायलमचा स्पेसर आणि गेज लावून एकदा चाळीसगावहून कन्नडपर्यंत जाऊन या. मग मला चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन, घाटातला आणि सपाटीचा काट्याचा आकडा, मेन जेट आणि चोक ट्यूबवरचा नंबर आणि शाफ्टला ऑइलचा थेंब सोडल्यावर काय झालं, एवढं कळवा. कार्बोरेटरच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन फोटोही पाठवा, म्हणजे तो कोणता आहे ते बघून जेटचा नंबर नक्की सांगतो.